मे महिन्यात मालवणला जाताय? फोटोंचा बेत सूर्य आणि भरती बघून करा

ज्यांना कानात काही घालून फिरायला आवडत नाही, किंवा ऐकता ऐकता ज्यांचा डोळा लागतो (मावशी, हे तुझ्यासाठी), त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ यातले निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत. चालवून घ्या.

एका श्रोत्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. मेमध्ये पाच दिवस मालवण. नवरा, दोन मुलं, सासू-सासरे. ‘दरवर्षी फोटोत आम्ही सगळे भाजलेल्या वांग्यासारखे दिसतो. या वेळी जरा स्टायलिश व्हायला पाहिजे. स्पॉट सांगा आणि कपडे सांगा.’

भाजलेल्या वांग्यावर मी हसले खूप. मग आमचे स्वतःचे फोटो आठवले आणि हसू थांबलं. त्याचं पुढे सांगते.

ताई, स्पॉटची यादी मी देणार नाही. ती मोबाईलवर शेकड्यांनी मिळते, आणि वांगं होण्याचं कारणही बहुतेक वेळा तीच असते. यादी असली की माणूस एका जागेहून दुसऱ्या जागी धावतो, आणि दहा जागांपैकी सात जागी तो भर दुपारी पोचतो. जागा सुंदर असते, वेळ चुकलेली असते. मेमधल्या कोकणात फोटो वेळेवर ठरतो. तर आधी सूर्याचं बोलू.

मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला ‘शून्य सावली दिवस’ येतो. शाळेतली मुलं गच्चीवर बाटली ठेवून तिची सावली नाहीशी होताना बघतात, तोच. सूर्य तेव्हा बरोब्बर डोक्यावर असतो. पुण्यात हे १३-१४ मेच्या सुमाराला होतं, मुंबईत १५ मेच्या आसपास. मालवण त्यांच्या दक्षिणेला, म्हणून तिथे मेच्या पहिल्याच आठवड्यात. नंतर सूर्य थोडा उत्तरेकडे सरकतो, पण फार नाही. म्हणजे तुमचा अख्खा मे महिना मालवणात दुपारचा उजेड वरून, अगदी सरळ खाली पडतो. असा उजेड चेहऱ्यावर पडला की भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची सावली ओठांवर, आणि कपाळ व नाकाचा शेंडा पांढरे फटक. कितीही महागडा फोन असू दे. वांगं होतं ते असं.

आणखी एक छोटी गोष्ट. तिथे सूर्य सगळ्यात वर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि मालवण त्याच्या नऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे पस्तीसेक मिनिटांचा फरक. त्यामुळे ‘चार वाजले, ऊन उतरलं’ असं वाटतं तेव्हा ते उतरलेलं नसतं. सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधला वेळ फोटोचा नाही. निदान उघड्यावरच्या फोटोचा तरी नाही.

आणि तो सोनेरी उजेड, ज्याच्यासाठी सगळी धडपड, तो आपल्याकडे फार थोडा वेळ असतो. युरोपातले लोक रीलमध्ये तासभर त्या उजेडात बागडताना दिसतात, कारण तिथे उन्हाळ्यात सूर्य तिरका तिरका घसरत मावळतो. आपल्याकडे तो जवळपास सरळ खाली उतरतो. मेमध्ये मालवणात सूर्यास्त सातच्या आसपास. म्हणजे खरा मऊ उजेड सव्वासहा ते सात, आणि मावळल्यावर वीसेक मिनिटं गुलाबी-जांभळं काहीतरी. साडेसहाला किनाऱ्यावर पोचून, पार्किंग शोधून, कणीस घेऊन मग फोटो काढू म्हणालात तर संपलं.

आता दिशा. आपला समुद्र पश्चिमेला आहे, हे आपण शाळेत शिकतो आणि फोटो काढताना विसरतो. संध्याकाळी सगळे काय करतात? समुद्राकडे पाठ करून उभे राहतात. सूर्य मागे, चेहरे काळे. सिल्युएट हवं असेल तर छानच, पण सासऱ्यांचा चेहरा हवा असेल तर उलटं करा. माणसांची तोंडं समुद्राकडे, आणि फोटो काढणाऱ्याची पाठ समुद्राकडे. चेहऱ्यावर केशरी उजेड, मागे माडांची रांग, तीही सोन्यासारखी. किनाऱ्यावर शंभर लोक असतात आणि असा फोटो घेणारा एखादाच दिसतो. फक्त फोटो काढणाऱ्यानं पाण्यात मागे मागे जात राहू नये. मेमध्ये लाटा जोर धरायला लागतात.

सकाळी याच्या बरोबर उलट. सूर्य जमिनीकडून येतो, समुद्रावर समोरून उजेड पडतो, म्हणून पाण्याचा खरा निळा-हिरवा रंग सात ते साडेआठमध्ये दिसतो. तेव्हा खुशाल समुद्राकडे पाठ करा. तारकर्लीचं पाणी रीलमध्ये जसं दिसतं तसं हवं असेल तर वेळ ही.

या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, गाडी न काढता मिळायच्या असतील तर तारकर्लीच्या पुढे देवबागला राहा. देवबाग म्हणजे जमिनीची एक लांबट पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. सकाळी सहाला नदीच्या बाजूला सूर्य उगवताना बघायचा, संध्याकाळी पट्टी ओलांडून समुद्राच्या बाजूला मावळताना. मधे चालत काही मिनिटांचं अंतर, माडांतून.

बरं, भरती-ओहोटी. हा भाग रेकॉर्ड करताना मला सगळ्यात मजा आली, कारण इथे आजोबांची पाऊणकी कामाला आली. ओल्या वाळूवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं, आरशासारखं, तो फोटो सगळ्यांना हवा असतो. त्यासाठी सूर्यास्ताच्या वेळेला ओहोटी लागते. ती कधी असेल हे कोकणातली जुनी माणसं कॅलेंडरवरची तिथी बघून सांगतात. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, दुपारीही आणि पहाटेही. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच.

आता करून बघा. अष्टमीला आठ पाऊणे सहा. म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पार वर आलेलं, वाळू थोडीच शिल्लक, आरसा नाही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी सव्वापाचच्या आसपास. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी साडेसातला. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस, हे तुमचे दिवस. त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्त आतही जातं. आणि पौर्णिमा असेल तर देवबागात आणखी एक गंमत: समुद्रात सूर्य मावळतो त्याच सुमाराला नदीवर चंद्र उगवतो. सुट्टीच्या तारखा अजून ठरायच्या असतील तर आधी कालनिर्णय उघडा, मग तिकिटं.

हा हिशेब ठोकळ आहे हं. फोटोपुरता. पाण्यात उतरायचं असेल, खडकांवर जायचं असेल, तर तिथल्या मच्छीमारांना विचारा, त्यांनी ‘नको’ म्हटलं की नको. ओहोटीला जिथून चालत खडकावर गेलात ती वाट भरतीला पाण्याखाली जाते, आणि उधाणाच्या दिवसांत पाणी जेवढं आत गेलेलं असतं तेवढंच वर येतं. मुलांना लाटांकडे पाठ करून खडकावर उभं करू नका. सेकंदभरासाठीसुद्धा नाही. गाडीही वाळूत नेऊ नका. भरतीच्या तोंडावर रुतलेली गाडी ओढायला अख्खा गाव लागतो, आणि तो फोटो दुसरेच काढतात.

आता दुपार. आमचीच गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे मालवणला गेलो होतो. आई, बाबा, ताई, भावजी, भाचा, मी. मी चौदा जागांची यादी केली होती, हो, चौदा. सिंधुदुर्ग किल्ला यादीत तिसरा होता, त्यामुळे आम्ही साडेअकराला होडीत बसलो. किल्ल्यात सावली अगदी थोडी आहे. साडेबाराला आई तटाच्या पायरीवर डोकं धरून बसली. बाबांनी तिच्यावर छत्री धरली आणि मला म्हणाले, ‘तू काढ तुझे फोटो, आम्ही आहोत इथे.’ मी काढले. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात बाबा गेले. फ्रेमवाल्याला फोटो द्यायचा होता. मी त्या सहलीचे अकराशे फोटो उघडले. बाबा तेवीस फोटोंत होते. कुठे कडेला पिशव्या घेऊन, कुठे टोपीच्या सावलीत चेहराच नाही, कुठे उन्हानं डोळे मिटलेले. शेवटी जो फोटो लागला तो भाच्यानं काढलेला होता, दुपारी अडीच वाजता, होमस्टेच्या पडवीत. बाबा बनियन-लुंगीवर बसून फणस फोडतायत, हात तेलानं चकचकीत, आणि कोणाला तरी रागावतायत. बहुतेक मलाच. आम्ही त्यातला फक्त चेहरा घेतला. फ्रेमवाला म्हणाला, ‘स्टुडिओत काढला का?’

तो स्टुडिओ म्हणजे पडवी, आणि ते का ते समजून घेण्यासारखं आहे. कौलारू घराची पडवी तीन बाजूंनी झाकलेली, एका बाजूनं उघडी, वर उतरतं छप्पर. वरून येणारा सरळ उजेड छप्पर अडवतं. समोरच्या खळ्यावर, म्हणजे अंगणात, रणरणतं ऊन पडलेलं असतं. ते जमिनीवरून उसळून पडवीत येतं, मऊ होऊन, समोरून आणि किंचित खालून. त्यामुळे डोळ्यांतली सावली निघून जाते, डोळे चमकतात, सुरकुत्या सौम्य दिसतात. मागे घरातला अंधार, म्हणून चेहरा उठून दिसतो. म्हणजे बाहेर जितकं कडक ऊन तितका पडवीत सुंदर उजेड! दुपारचा फोटो तिथे काढायचा. काठापासून हातभर आत बसायचं, तोंड बाहेरच्या बाजूला. घरच्या आजी आंब्यांची अढी लावत असतील, मुलं रातांबे फोडत असतील, मे महिन्यात पडवीत काही ना काही चालूच असतं. कोणाला ‘पोज द्या’ म्हणायची गरज नाही.

म्हणून होमस्टे ठरवताना एसी आहे का हे विचारताच, तसं पडवी आहे का हेही विचारा. पलीकडची काकू दोन क्षण गप्प होईल, पण सांगेल. आमच्या काकूंनी तर पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, ‘आता उन्हात खंय जातास? जेवा आनि गप निजा.’ ऐकायला हवं होतं.

किल्ला टाळा असं नाही म्हणत मी. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारशात गेला. मुलांना दाखवायलाच हवा. पण सकाळच्या पहिल्या होडीनं जा आणि दहापर्यंत परत या. किल्ला गावाच्या पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी धक्क्यावरून बघितलं तर तटावर समोरून ऊन असतं, दगडन् दगड दिसतो. संध्याकाळी तोच किल्ला काळी आकृती होऊन मागे केशरी आकाश. दोन्ही फोटो धक्क्यावरूनच मिळतात, आई-बाबांना होडीत चढवायची गरज नाही. ड्रोन घेऊन जाऊ नका, संरक्षित स्मारक आहे, परवानगी लागते. आणि किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांच्या दारात उभं राहून रील करू नये, इतकं तरी.

माणसांच्या फोटोंबद्दल हेच. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढतात, लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा. फार देखणं दृश्य. आधी विचारा, जमलं तर दोर धरून दोन हात ओढा, मग फोन काढा. धक्क्यावर माशांचा लिलाव चालू असताना मधे घुसून सेल्फी नको. त्यांची ती कामाची वेळ आहे.

कपडे! ताई, विसरले नाहीये.

कोकणातले रंग आधी डोळ्यांपुढे आणा. जांभ्या दगडाच्या भिंती आणि माती लालसर-विटकरी, झाडी गडद हिरवी, वाळू फिकट, समुद्र निळा-हिरवा. या सगळ्यांपुढे उठून दिसतात ते नीळ, मोहरी पिवळा, मोतिया, फिकट गुलाबी. लाल-विटकरी जांभ्यात हरवतो, गडद हिरवा झाडीत. काळा उन्हात अंग भाजतो आणि फोटोत नुसता डाग दिसतो. हल्ली ‘सगळ्यांनी पांढरं’ अशी टूम आहे. वाळूवर ते सुरेख दिसतं, पण गावातल्या तांबड्या मातीत लेंग्याचा घोळ एका दिवसात जातो, आणि तो डाग सहजासहजी निघत नाही. पांढरं फक्त किनाऱ्यावरच्या एका संध्याकाळीसाठी ठेवा. सगळ्यांनी एकसारखं घालण्यापेक्षा तीन रंग ठरवा आणि ज्यानं त्यानं त्यातलं आपलं निवडावं. बँडपथक दिसायला नको.

कापड सुती, मलमल किंवा लिनन. हवा दमट असते, पॉलिएस्टर अंगाला चिकटतं आणि घामाचे डाग फोटोत पहिल्यांदा दिसतात. मलमलची ओढणी संध्याकाळच्या वाऱ्यावर आपोआप उडते, ती हातानं उडवून कोणी तोंडघशी पडायला नको. सासूबाईंना काय नेसायचं हे शिकवायला जाऊ नका. त्यांच्याकडे एखादी इरकल असेलच, आणि जांभ्याच्या भिंतीपुढे निळ्या इरकलीसारखं दुसरं काही दिसत नाही. रुंद काठाची टोपी सगळ्यांना हवीच, पण क्लिक करताना दहा सेकंद काढायला सांगा, आमचे निम्मे फोटो टोपीनं खाल्लेत.

फोनचं थोडक्यात. खाऱ्या हवेनं लेन्सवर पातळ थर बसतो, सगळं धुरकट येतं, तेव्हा सुती कापडानं दर वेळी पुसा. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते, म्हणून निघायच्या वीस मिनिटं आधी फोन पडवीत ठेवा. ग्रुप फोटोत वाइड लेन्स वापरली की कडेची माणसं ताणली जातात, आणि कडेला नेहमी वडीलधारी असतात. चार पावलं मागे जा, साध्या लेन्सनं काढा, त्यांना मधे बसवा. दिवसातून एकदा फोन दुसऱ्याच्या हातात द्या. जो काढतो तो कुठेच नसतो.

तारखांचं मात्र नीट ऐका. जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. १ जूनपासून मासेमारीही बंद, म्हणजे ताजे मोठे मासे विसरा. आणि पावसाचा भरवसा नाही. तळकोकणात तो जूनच्या पहिल्या आठवड्यात यायचा, २०२५ मध्ये २५ मेलाच आला. मेचे पहिले तीन आठवडे बरे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि मेमधल्या कोकणच्या गाड्या काही मिनिटांत वेटिंगला जातात, तेव्हा त्या दिवशी सकाळी आठला तयार बसा. मालवणसाठी उतरायचं कुडाळ किंवा सिंधुदुर्ग स्टेशनला.

मग दिवस कसा जाईल? पावणेसहाला उठून नदीकाठी चहा. मग किनारा, मुलं पाण्यात, मोठे सुरूच्या सावलीत. साडेआठला परत, घावणे आणि आंब्याचा रस. जेवण, झोप, खरंच झोप. पडवीत फणस. सव्वापाचला आंघोळ करून, नवे कपडे घालून बाहेर, साडेसातला परत. दिवसाला एकच जागा. पाच दिवसांत पाच, त्यातली एक पावसानं किंवा कंटाळ्यानं जाईल, जाऊ दे.

ताईंना हे सगळं मी आधीच पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं की सासरे फोटोला तयार नाहीत, पण फणसाला तयार आहेत. तर ताई, कापा घ्या, बरका हाताला फार चिकटतो. विळीला आणि हातांना कोपरापर्यंत खोबरेल लावा, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, आणि त्यांना पडवीच्या काठापासून हातभर आत बसवा.

पुढच्या भागात पावसाळी ट्रेकचे बूट. प्रश्न पाठवत राहा.